राजा जिंदाबाद, कारभार मुर्दाबाद

जून उजाडला की डोंगराकडचे कापणीवाले बार्सिलोनात उतरायचे. कमरेला विळा, खिशात दिडकी नाही. गव्हाच्या कापणीला कोण रोजाने नेतो याची वाट बघत चौकात बसायचे. १६४० साली ते आले तो दिवस होता ७ जून, कॉर्पस क्रिस्तीचा सण. चार-पाचशे जण असतील. त्यांच्यातल्या एकाची रस्त्यात बाचाबाची झाली ती नेमकी एका सरकारी अंमलदाराच्या नोकराशी. हा अंमलदार महिन्याभरापूर्वीच एका गावात सराईला लागलेल्या आगीत जळून मेला होता, आणि ती आग गावकऱ्यांनीच लावली होती. मजूर जखमी झाला आणि ठिणगी पडली. जमाव व्हाइसरॉयच्या वाड्याकडे वळला, दारासमोर लाकडं रचली. जवळच्या मठातले फ्रान्सिस्कन साधू धावत आले आणि त्यांनी त्या लाकडांवर क्रूस आणून ठेवला, म्हणून वाडा वाचला. व्हाइसरॉय वाचला नाही. सांता कोलोमाचा काउंट दाल्माउ दे केराल्त हा स्वतः कॅटलान, म्हणजे बार्सिलोना ज्याची राजधानी त्या कॅटलोनियातलाच माणूस. गलबत गाठण्यासाठी तो मोंजुइक टेकडीखालच्या किनाऱ्याने पळत सुटला, खडकांत पडला आणि तिथेच भोसकला गेला.

आणि हे सगळं करताना लोक ओरडत काय होते? ‘राजा चिरायू होवो! कुकारभार मरो!’

राजाच्या प्रतिनिधीला ठार मारायचं आणि तोंडाने राजाचा जयजयकार करायचा. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तो शुद्ध कांगावा वाटला. पकडलं गेलंच तर मान वाचावी म्हणून आधीच करून ठेवलेली सोय. पण त्या काळातली बंडं एकामागून एक वाचत गेलं की हीच घोषणा पुन्हापुन्हा भेटते, आणि जिथे पकडलं जायची भीती उरलेली नाही तिथेही भेटते. मग वाटायला लागतं की हे लोक जे बोलत होते ते त्यांना खरंच म्हणायचं होतं.

राजा होता फिलिप चौथा. १६२१ साली, सोळाव्या वर्षी गादीवर आला. आपण सोयीसाठी त्याला ‘स्पेनचा राजा’ म्हणतो, पण कागदोपत्री असं पदच नव्हतं म्हटलं तरी चालेल. तो कॅस्टिलचा (माद्रिद याच राज्यात) राजा, अरागॉनचा राजा, बार्सिलोनाचा काउंट (म्हणजे कॅटलोनियाचा धनी), पोर्तुगालचा राजा, नेपल्सचा राजा, सिसिलीचा राजा. प्रत्येक ठिकाणचे कायदे वेगळे, प्रतिनिधींची सभा वेगळी, कर बसवायची रीत वेगळी आणि राजाने घ्यायची शपथसुद्धा वेगळी. आपल्याकडे वतनाची सनद पिढ्यानपिढ्या पेटीत जपून ठेवायचे आणि तिच्यापायी रक्ताच्या नात्यांत वैर पत्करायचे. कॅटलान माणसाचं त्याच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’वर तसंच प्रेम होतं. राजा बार्सिलोनात आला की आधी त्याने ती पाळायची शपथ घ्यायची, मग प्रजेची गाऱ्हाणी ऐकायची, त्यांचा निकाल लावायचा आणि त्यानंतर पैशाची गोष्ट काढायची. हा क्रम बदलायचा नाही.

फिलिपचा मुख्य मंत्री होता ऑलिव्हारेसचा काउंट-ड्यूक गास्पार दे गुझमान. धिप्पाड, तापट, पहाटेपासून रात्रीपर्यंत कागदांत बुडालेला. या माणसाबद्दल मला सहानुभूती आहे, आणि तिला कारण आहे. माझी नोकरीतली बरीच वर्षं एका बँकेच्या मुख्यालयात परिपत्रकांचे मसुदे करण्यात गेली. नकाशावर शंभर शाखा मांडून ‘ही एवढे देते, मग ती का नाही?’ असा हिशोब मांडायची एक नशा असते. ऑलिव्हारेसला ती पुरेपूर चढली होती. २५ डिसेंबर १६२४ रोजी राजाला दिलेल्या गुप्त टिपणात त्याने लिहिलं की महाराजांनी नुसतं पोर्तुगालचा, अरागॉनचा राजा आणि बार्सिलोनाचा काउंट असण्यावर समाधान मानू नये. ही सगळी राज्यं कॅस्टिलच्या कायद्याखाली आणून महाराजांनी खऱ्या अर्थाने स्पेनचा राजा व्हावं.

पाठोपाठ आली ‘शस्त्रांची एकजूट’ ही योजना. १,४०,००० माणसांची राखीव फौज उभारायची, आणि तिचा वाटा प्रत्येक राज्याने उचलायचा: कॅस्टिल आणि अमेरिकेतल्या मुलखाने मिळून ४४,०००, कॅटलोनियाने १६,०००, पोर्तुगालने १६,०००, नेपल्सने १६,०००, फ्लँडर्सने १२,०००, अरागॉनने १०,०००, बाकीचे इतर मुलखांनी. कागदावर यात खोट काढता येत नाही. डचांशी लढाई होती, पुढे १६३५ पासून फ्रान्सशीही पेटली, आणि तोपर्यंतचा सगळा बोजा कॅस्टिलच्या शेतकऱ्याच्या पाठीवर होता. १६२८ साली तर क्यूबाच्या मातांझास आखातात डच दर्यावर्दी पीत हाइनने अमेरिकेहून चांदी घेऊन निघालेला ताफाच पळवला. मग साम्राज्य सगळ्यांचं आणि खर्च एकट्या कॅस्टिलचा, हा कुठला न्याय?

कॅटलान मंडळींचं उत्तरही तितकंच सरळ होतं: साम्राज्य सगळ्यांचं आहे हे आम्हाला कुणी, कधी विचारलं? मोठ्या हुद्द्याच्या जागा कॅस्टिलच्या सरदारांना, अमेरिकेचा व्यापार सेव्हिलला, आणि लढाईची वर्गणी तेवढी बरोबरीने. १६२६ मध्ये राजा स्वतः बार्सिलोनाला गेला. सभा भरली, गाऱ्हाण्यांची यादी संपेना, पैशाचा विषय निघेना. शेवटी वैतागून सभा तशीच टाकून तो माद्रिदला परतला. १६३२ सालीही तेच झालं.

ऑलिव्हारेसने मग युद्धच कॅटलोनियाच्या दारात आणलं. १६३९ साली फ्रेंचांनी सीमेवरचा साल्सेस किल्ला घेतला. तो परत मिळवायला कॅटलान माणसं लढली, रोगराईने पटापट मेली, आणि ६ जानेवारी १६४० ला किल्ला हाती आला. लढाई आटोपली तरी फौज घरी गेली नाही. वसंतात पुन्हा फ्रान्सवर चाल करायची, म्हणून हजारो शिपाई कॅटलोनियातच हिवाळा काढायला ठेवले. पगार थकलेले, पोटात भूक. त्यांना कुठे ठेवायचं? शेतकऱ्यांच्या घरात.

घरात शिपाई ठेवून घेणं हे काम कसं चालत असेल ते नजरेसमोर आणून बघा. कायद्याने घरमालकाने शिपायाला द्यायचं ते ठरलेलं होतं: बिछाना, विस्तव, पाणी, मीठ, व्हिनेगर, असं किरकोळ. जेवणखाण त्याने पदरच्या पैशाने विकत घ्यायचं. आता तो मीठ-पाणी घेऊन बसलाय, पदरात पैसा नाही आणि समोर तुमच्या कोंबड्या फिरतायत. घरात तुमची बायको आहे, मुलगी आहे. त्याच्या हातात बंदूक आहे आणि त्याला तुमची भाषा येत नाही. दादला, वडील, भाऊ कुणाकडे जाऊन दाद मागणार? न्यायाधीशाकडे गेलं तर त्यालाच वरून हुकूम आलेला की फौजेची सोय आधी. ऑलिव्हारेसने तर एका पत्रात चिडून लिहिलं होतं की हे कॉन्स्टिट्यूशनमध्ये बसत नसेल तर खड्ड्यात गेलं ते कॉन्स्टिट्यूशन.

मे महिन्यात एका तुकडीने रिउदारेनेस गावचं चर्च जाळलं. गावकऱ्यांनी चीजवस्तू सुरक्षित राहावी म्हणून चर्चमध्ये नेऊन ठेवली होती. धर्मरक्षक म्हणवणाऱ्या राजाच्या शिपायांनीच देवाचं घर पेटवलं. यानंतर बंड ‘पवित्र’ ठरायला उपदेशकाची गरज उरली नाही. ती तुकडी नेपल्सची होती, हे लक्षात असू द्या. पुढे लागेल.

आपल्याकडे म्हण आहे, राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची. कॅटलोनियात त्या वसंतात पावसाने उलटी तऱ्हा केली, दडीच मारली. दुष्काळामुळे माणसं बंड करतात असं सरसकट सांगणारे इतिहासकार आहेत, आणि सतराव्या शतकातल्या थंडीचे, बुडालेल्या पिकांचे पुरावे त्यांच्याकडे भक्कम आहेत. ते खोटं नाही. पण उपाशी माणूस बेकरी फोडतो. व्हाइसरॉयचा पाठलाग करत किनाऱ्यापर्यंत तो जातो तेव्हा भुकेला दुसरं काहीतरी येऊन मिळालेलं असतं. आपल्याशी कुणीतरी एक बोली केली होती आणि ती मोडली, अशी ती भावना. आणि बोली ज्याच्याशी झाली तो राजा, मोडणारा मंत्री. म्हणून जयजयकार एकाचा आणि मरणाची हाक दुसऱ्याच्या नावाने. राजालाच खोटं ठरवलं तर करारातला दुसरा पक्षच नाहीसा होतो, मग भांडायचं कशाच्या आधारावर?

हे कोडं कॅटलान पुढाऱ्यांना लवकरच सोडवावं लागलं. उर्जेलचा धर्मगुरू पाउ क्लारिस तेव्हा जनरालितातचा, म्हणजे कॅटलान सभेच्या कायम मंडळाचा, अध्यक्ष होता. कापणीवाल्यांनी रस्ता धरला होता आणि माद्रिदहून शिक्षा करायला फौज निघाली होती. दोन्हींच्या मधे सापडलेल्या या मंडळींनी फ्रान्सकडे हात पसरले. जानेवारी १६४१ मध्ये आधी प्रजासत्ताक जाहीर केलं आणि आठवडाभरातच फ्रान्सच्या तेराव्या लुईला बार्सिलोनाचा काउंट करून टाकलं. राजाशिवाय राज्य ही कल्पना तिथे आठ दिवससुद्धा तगली नाही. २६ जानेवारीला मोंजुइकवर लोस व्हेलेसच्या मार्क्विसची फौज हरली, महिन्याभरात क्लारिस वारला, आणि पुढची अकरा वर्षं कॅटलोनिया दोन राजांच्या जात्यात भरडला गेला. ऑक्टोबर १६५२ मध्ये वेढ्याने आणि उपासमारीने टेकीला आलेली बार्सिलोना फिलिपला शरण गेली. त्याने जुने कायदे बहुतांशी जसेच्या तसे ठेवले. यात शहाणपण किती आणि थकवा किती, कोण जाणे. कॅटलोनियाचा उत्तरेकडचा रुसियोन हा भाग मात्र १६५९ च्या तहाने फ्रान्सकडे गेला तो गेलाच. तिथल्या कॅटलान लोकांवर फ्रेंच राजाने दोनच वर्षांत मिठाचा कर लादला, जो त्यांच्या सनदेत नव्हता. त्यांनी पुन्हा बंड केलं, आणि ते डोंगरात कित्येक वर्षं धुमसत राहिलं.

पोर्तुगालात सत्ता उलटायला इतका वेळ लागला नाही, कारण तिथे निर्णायक घाव वाड्यातल्या माणसांनीच घातला. १५८१ साली तोमारच्या सभेत दुसऱ्या फिलिपने पोर्तुगीजांना शब्द दिला होता की तुमचे हुद्दे तुमच्याच माणसांना, तुमचं साम्राज्य तुमच्याकडेच. नातवाच्या काळात या शब्दाला किंमत उरली नाही. १६२२ मध्ये इराणच्या आखाताच्या तोंडावरचं पोर्तुगीज ठाणं होर्मुझ हातचं गेलं, १६३० मध्ये डचांनी ब्राझीलचं पेर्नांबुको घेतलं. स्पेनच्या शत्रूंचे तडाखे पोर्तुगीज बंदरांना बसत होते आणि त्यांच्या रक्षणाच्या नावाखाली कर वाढत होते. १६३७ साली एव्होरा शहरात करावरून दंगल उसळली तेव्हा भिंतींवर लागणाऱ्या जाहीरनाम्यांखाली सही असायची ‘मानुएलिन्यो’ची. हा कोण? गावातला वेडा! पकडा म्हणावं त्याला. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं मला फार कौतुक वाटतं.

सरदार तेव्हा गप्प राहिले. १६४० मध्ये ऑलिव्हारेसने त्यांना फर्मान पाठवलं की कॅटलान बंड मोडायला राजाबरोबर चला. म्हणजे शेजाऱ्याच्या सनदेवर नांगर फिरवायला आपण जायचं आणि मागे आपलं घर रिकामं सोडायचं. १ डिसेंबरच्या सकाळी चाळीसेक सरदार लिस्बनच्या राजवाड्यात घुसले. राज्याचा सचिव मिगेल दे व्हास्कोन्सेलोस कागदपत्रांच्या कपाटात लपला होता. तिथून ओढून त्याला गोळी घातली आणि खिडकीतून खाली फेकलं. उमर भर कर वसुलीच्या कागदांत रमलेल्या माणसाने लपायला तेच कपाट निवडावं! दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं. ब्रागांझाचा ड्यूक चौथा जॉन म्हणून राजा झाला. गोव्याला बातमी पोचायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर लागला. तिथेही त्याच्या नावाची द्वाही फिरली, रक्त न सांडता.

या बंडाचा एक धागा थेट माझ्या गावापर्यंत, मुंबईपर्यंत येतो. नव्या घराण्याला स्पेन मान्यता देईना, लढाई थांबेना, आणि मित्र तर हवाच. म्हणून १६६१ च्या तहाने जॉनची मुलगी कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, तिच्याबरोबर मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजियर आणि मुंबई. बदल्यात इंग्रजांनी पोर्तुगालचं रक्षण करायचं, आणि इंग्रज शिपाई खरोखरच तिथे जाऊन स्पेनविरुद्ध लढले. शाळेत ‘मुंबई आंदणात दिली’ एवढं एकच वाक्य होतं आणि ते ऐकून वर्गात हसू फुटायचं. आंदण कशापायी द्यावं लागलं ते कुणी सांगितलं नाही. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेलो इ कास्त्रो याने ताबा देताना जमेल तितकी टाळाटाळ केली, आणि १६६५ च्या जानेवारीत आपल्या राजाला कळवलं की ज्या दिवशी इंग्रज मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान हातचा जाईल. १६६८ मध्ये स्पेनने ब्रागांझा घराणं मान्य केलं. त्याच वर्षी चार्ल्सने मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली.

१ डिसेंबर पोर्तुगालमध्ये अजून सार्वजनिक सुट्टी असते. मधे काटकसरीच्या काळात, २०१३ पासून, सरकारने ती रद्द केली होती. २०१६ मध्ये परत दिली. करांच्या जाचातून सुटल्याची सुट्टी तिजोरीत खडखडाट आहे म्हणून कापायची. ऑलिव्हारेस असता तर त्याने नक्की सही केली असती.

आता नेपल्स. १६४७ चा उन्हाळा. मे महिन्यात शेजारच्या सिसिलीतल्या पालेर्मोत पावाचं वजन घटवल्यावरून दंगल झालीच होती, आणि तिथला व्हाइसरॉय कोण, तर मोंजुइकवर हरलेला तोच लोस व्हेलेस. नेपल्सचा व्हाइसरॉय आर्कोसचा ड्यूक याने फळांवरचा कर पुन्हा बसवला होता. उन्हाळ्यात गरिबाचं पोट फळांवर भरतं. शिवाय असे कर सावकारांना विकलेले असायचे, त्यामुळे नाक्यावर वसूल करणारा माणूस राजाचा नव्हे, मक्तेदाराचा. ७ जुलैच्या रविवारी बाजारचौकात पोझुओलीहून अंजिरं घेऊन आलेले बागायतदार आणि शहरातले फळवाले यांची जुंपली: कर भरायचा कुणी, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? कुणीतरी चिडून अंजिरांच्या टोपल्या रस्त्यावर उलथ्या केल्या. पोरं तुटून पडली, अंजिरं आधी तोंडात आणि मग वसुली करणाऱ्यांच्या अंगावर. कर घेणाऱ्यांचं ठाणं पेटलं.

पुढारी झाला २७ वर्षांचा, अनवाणी फिरणारा मासळीवाला, मासानिएलो. पिठाची चोरटी ने-आण केली म्हणून त्याच्या बायकोला तुरुंग आणि दंड झाला होता, असं सांगतात. पण त्याच्या मागे होता ऐंशीच्या घरातला वकील जुलिओ जेनोइनो. त्याची मागणी फळांच्या पलीकडची होती: सम्राट पाचव्या चार्ल्सने नेपल्सला दिलेल्या जुन्या सवलती परत द्या, आणि शहराच्या कारभारात लोकांना सरदारांइतकीच मतं द्या. बंडवाल्यांनी मक्तेदारांचे वाडे जाळले तेव्हा सामान चौकात आणून, होळी करून जाळलं. त्यातलं काही चोरेल त्याला मृत्युदंड. चार्ल्सच्या आणि फिलिपच्या तसबिरी मात्र वाड्यांतून अदबीने बाहेर काढून छत्राखाली मांडल्या. घोषणा तीच. रिउदारेनेसचं चर्च ज्यांनी जाळलं त्यांच्या भाऊबंदांच्या तोंडी आता कॅटलान कापणीवाल्यांचे शब्द होते.

दहाव्या दिवशी मासानिएलोला कार्मिने चर्चमध्ये त्याच्याच लोकांतल्या काहींनी मारलं. डोकं कापून मिरवलं. दुसऱ्या दिवशी पावाचं वजन पुन्हा घटलं, आणि त्याच शहराने त्याचं धड आणि डोकं शोधून, जोडून, राजाला शोभेल अशी अंत्ययात्रा काढली. शरद ऋतूत तिथेही प्रजासत्ताक झालं, तिथेही फ्रान्सकडे हात पसरले, आणि एप्रिल १६४८ मध्ये स्पेनची फौज शहरात शिरली. सरदार पहिल्यापासून बंडाच्या विरोधात होते. लिस्बनमध्ये सरदारांनीच बंड केलं होतं, बार्सिलोनात ते अर्धे इकडे अर्धे तिकडे. तिन्ही निकालांचं स्पष्टीकरण माझ्या मते यात बरंचसं येतं.

राहता राहिला कॅस्टिल. सगळ्यात जास्त कर त्याने भरले. दारू, मांस, तेल, व्हिनेगर यांवरचा ‘मियोनेस’ कर १५९० पासून मानेवर बसला होता. १६३१ साली ऑलिव्हारेसने मिठाचा भाव चढवला तेव्हा बंड झालं ते बास्क मुलखातल्या बिस्कायात, कारण तिच्याकडे जुनी सनद होती. १६३४ मध्ये म्होरके फासावर गेले, पण सनद शाबूत राहिली आणि बाकीच्यांना माफी मिळाली. कॅस्टिलची शहरं १५२० मध्ये उठून १५२१ च्या एप्रिलमध्ये व्हियालारच्या मैदानात चिरडली गेली होती. १५३८ नंतर तिथल्या सभेला सरदार आणि धर्मगुरू बोलावलेच जात नव्हते, कारण त्यांना कर नव्हता. मोडण्यासारखी बोलीच तिथे शिल्लक नव्हती. कॅस्टिलचा शेतकरी मीठ चोरट्या वाटेने आणायचा, जमीन टाकायचा, गाव सोडून शहराच्या वेशीत जाऊन बसायचा. १६५२ मध्ये कोर्दोबात आणि सेव्हिलमध्ये पाव महागला म्हणून लोक रस्त्यावर आले, धान्याची कोठारं उघडायला लावली, पाव स्वस्त झाला आणि घरोघर परत गेले.